काठी खाली येईपर्यंत

“नाक पूस,” इंगवले मास्तर म्हणाले.

मी नाक पुसलं.

“आता काठी वर कर.”

मी काठी वर केली. समोर सोळा माणसं वाद्यं सरसावून बसली होती, आणि त्यांतला एकही जण काठीकडं बघत नव्हता. सगळे माझ्या नाकाकडं बघत होते. मास्तर माझ्या पाठीशी उभे असल्यामुळं त्यांना हे दिसत नव्हतं.

“हं. खाली आण.”

काठी खाली आली. काहीही झालं नाही. दाराबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, तेवढंच. मी घाईघाईनं नाकानं श्वास ओढला, आणि त्याबरोबर अंबरगड नगरपरिषदेचा बँड एका ठेक्यात, झकास, कडाडून सुरू झाला.

“थांबा!” मास्तर ओरडले. “काठी पडल्यावर मंडळी चहा पिऊन आली काय रे? आज संध्याकाळी पालकमंत्री समोर बसणार आहेत. त्यांना वाटेल, गावाला झोप लागलीय!”

मागून हुसेनभाई मुजावर, आमचे मोठा ढोल वाजवणारे, थंडपणे म्हणाले, “मास्तर, पोराला सर्दी झालीय.”

“सर्दी नाकाला झालीय. हाताला काय झालंय?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि ते मास्तरांना सांगण्याची हिंमत पाच वर्षांत कोणाची झाली नव्हती.

हे नाकाचं प्रकरण आधी सांगून टाकतो.

आमचा बँड मूळ संस्थानचा. संस्थान विलीन झालं तेव्हा नगरपरिषदेच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या: दोन तोफा, एक म्हातारा हत्ती आणि बँड. तोफा बागेत ठेवल्या, हत्ती बागेत बांधला, म्हणून बँडही बागेतच बसवला. हत्ती पुढं वारला. बँड मात्र तेव्हापासून उद्यान विभागाकडं आहे. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही लाल कोट घालून बागेतल्या गोल चबुतऱ्यावर वाजवायचो आणि गाव शेंगदाणे खात ऐकायचं. मी पहिला क्लॅरिनेट. आमच्या ऐवळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई होती, मी ती सोडून हे काळं विलायती नळकांडं धरलं म्हणून आजोबा मरेपर्यंत माझ्याशी तुटक बोलले.

तर मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुटला. एका ठोक्यासाठी काठी वर गेली की खाली येईपर्यंत ती दहा-बारा वेळा थरथरायची, आणि त्यातली कुठली हालचाल संगीताची आणि कुठली आजाराची, हे ओळखण्याचं काही साधन नव्हतं. एका शनिवारी सतरा जणांनी सतरा वेगवेगळे थरकाप धरले. त्या रात्री गावातली कुत्री झोपली नाहीत म्हणतात.

मग हुसेनभाईंनी तोड काढली. “भगीरथ, तू सुरात शिरण्याआधी नाकानं श्वास ओढतोस. सूंऽ करून. आम्ही तेच धरतो. मास्तरला काय कळतंय?” पुढच्या रांगेला आवाज ऐकू यायचा. मागच्या रांगेसाठी सोय अशी, की श्वास ओढला की माझी टोपी अर्धं बोट वर जायची. टोपी वर गेली की ढोल पडायचा. थांबायचं झालं, की मी क्लॅरिनेट ओठावरून काढायचो आणि सगळे थांबायचे. पाच वर्षं बँड असा बिनचूक चालला. टाळ्या पडल्या की मास्तर काठीकडं बघून समाधानानं मान हलवायचे. आम्हीही हलवायचो.

आता मास्तर महिनाअखेर निवृत्त होणार होते. मुख्याधिकारी टिळेकर मॅडम पुण्याहून आलेल्या, वयानं तरुण, बोलायला सरळ. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं होतं, “इंगवले, मला झाडांना पाणी घालायला माणसं कमी पडतायत. तुमच्याकडं सतरा आहेत. नगरपरिषदेच्या वर्धापनदिनाला नवा माणूस उभा करा. बँड ऐकण्यासारखा वाजला तर मास्तरांची जागा भरते. नाहीतर बँड बंद, आणि माणसं नळीवर.”

“नळी म्हणजे बासरी?” मास्तरांनी विचारलं.

“पाण्याची नळी.”

बँडनं एकमतानं माझं नाव दिलं. माणसाचं नाही, नाकाचं. मास्तरांना ते पसंत नव्हतं. “हा वाजवणारा आहे,” ते म्हणाले. “ह्याला काठी देणं म्हणजे कोकिळेला पोस्टमन करणं.” पण दुसरं नाव नव्हतं. शिवाय आमच्या बँडची एक रीत होती: काठी घेणाऱ्यानं मोठ्या ढोलावर हात ठेवून शपथ घ्यायची, की आता वाद्य तोंडाला लावणार नाही. बँडमध्ये नाही, घरीसुद्धा नाही. वाद्य भांडारात जमा. का, तर हातात वाद्य असलेला माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, आपली पाळी कधी येते याची वाट बघतो. या अटीमुळं बाकीच्यांनी काठीपासून लांबच राहणं पसंत केलं. मला अट फारशी जड वाटली नाही. सतरा माणसांच्या हातात पाण्याची नळी दिसत असताना एक क्लॅरिनेट ती काय!

“हे बघ,” हुसेनभाईंनी मला तालमीनंतर कोपऱ्यात घेतलं. “काठी हलव, शोभेला. लग्नात नवऱ्याच्या हातात कट्यार असते ना, तशी. कट्यारीनं कोण कोणाला मारतंय? खरं काम नाकाचं. सूंऽ कर, आम्ही उचलतो.”

“आणि थांबवायचं कसं? क्लॅरिनेट नाही हातात.”

हुसेनभाईंनी डोकं खाजवलं. “सुरांचा कागद संपला की थांबू,” ते म्हणाले.

“आणि मास्तर सकाळपासून ओरडतायत काठी बघा, काठी बघा. पोरं बिचकलीत. त्यांतली चार-पाच काठीवर उचलतील.”

“कोण?”

“तेच तर माहीत नाही.”

हुसेनभाईंनी माझ्या टोपीची चकाकती पट्टी सरळ केली. “अल्ला मालिक,” ते म्हणाले. “आणि तू ओव्याची पुरचुंडी हुंग.”

दुपारी बातमी आली की माजी नगराध्यक्ष तात्यासाहेब सरनोबत गेले. वय ब्याण्णव. गावावर त्यांचे उपकार होते. पाण्याची टाकी त्यांनीच आणली होती. आता वर्धापनदिन रद्द करावा तर पालकमंत्री निघाले होते, आणि साजरा करावा तर तात्यासाहेब गेले होते. नगरपरिषदेनं मधला मार्ग काढला. कमानीवर मोठ्या रंगीत अक्षरांत ‘आनंदोत्सव’ लिहिलेलं होतं. त्याच्याखाली त्याच पेंटरनं, त्याच गुलाबी रंगात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं जोडलं. बाजूला काढलेले दोन हसरे मोर तसेच राहिले.

ठरलं असं: मंत्री येताच आम्ही ‘सवारी मार्च’ वाजवायचा, मग दोन मिनिटं स्तब्धता, मग भाषणं. नंतर कोणीतरी म्हणालं, आधी स्तब्धता, मग मार्च. नंतर पुन्हा उलट झालं. शेवटी काय ठरलं ते निवेदकाला माहीत होतं, आणि निवेदक मंत्र्यांच्या स्वागताला वेशीवर गेला होता.

‘सवारी मार्च’ राजेसाहेबांची हत्तीवरून स्वारी निघायची तेव्हासाठी बांधलेला. त्याला सुरुवात अशी नाहीच. पहिल्याच ठोक्याला सगळे कर्णे गच्चीवरून उडी मारल्यासारखे वरच्या सुरावर पडतात. हत्तीसुद्धा दचकायचा असं म्हणत.

संध्याकाळी बाग भरली. पहिल्या रांगेत मंत्र्यांची खुर्ची, तिच्या शेजारी टिळेकर मॅडम, मांडीवर फाईल, हातात पेन. पलीकडं तात्यासाहेबांचे थोरले चिरंजीव आबासाहेब, पांढऱ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. स्मशानातून थेट आले होते. समोर तात्यासाहेबांचा फोटो आणि त्याला हार. इंगवले मास्तर चबुतऱ्याखाली, डाव्या अंगाला, साध्या कोटात. काठी नसलेले मास्तर मी पहिल्यांदाच बघत होतो. हात मागं बांधून उभे होते, म्हणजे कोणाला दिसू नये.

माझं नाक वाहायला लागलं होतं. रुमाल नव्हता. आमच्या कोटांचे खिसे मास्तरांनी कधीच शिवून टाकले होते, कोणी तंबाखू ठेवू नये म्हणून.

गाड्या आल्या. मंत्री बसले. निवेदक माईकपाशी धावत गेला आणि धापा टाकत म्हणाला, “सर्वांनी कृपया उभं राहावं!”

सगळी बाग उठली. खुर्च्या करकरल्या. मला वाटलं, आलीच वेळ. मी काठी वर केली. सोळा वाद्यं ओठांना लागली. हुसेनभाईंनी ढोलावर टोला उगारला.

“दिवंगत तात्यासाहेबांना,” निवेदक म्हणाला, “आपण दोन मिनिटं स्तब्ध राहून आदरांजली वाहणार आहोत.”

आणि स्तब्धता सुरू झाली.

माझी काठी वरच होती.

माझी अवस्था अशी होती: काठी खाली आणावी, तर ती चार-पाच बिचकलेली पोरं, कोण ते माहीत नाही, वाजवायला लागणार. काठी वर ठेवावी, तर सगळा बँड श्वास भरून, डोळे ताणून माझ्या नाकावर टपलेला. आणि नाकातून एक थेंब निघालेला. तो आधी नुसता आहे असं वाटत होतं. मग तो नक्की झाला. मग वरच्या ओठाच्या दिशेनं चालायला लागला. मी तोंडानं, अगदी बारीक, चोरासारखा श्वास घेत होतो. पुढच्या रांगेतला कॉर्नेटवाला, म्हणजे धाकटा कर्णा फुंकणारा, माझ्याकडं अशा डोळ्यांनी बघत होता, जणू त्याचं लेकरू माझ्या नाकाच्या शेंड्यावर उभं आहे.

बागेत चिटपाखरू हलत नव्हतं. मंत्र्यांनी डोळे मिटले होते. मॅडमनी मिटले नव्हते. त्या माझ्या वर गेलेल्या हाताकडं बघत होत्या. दंडाला रग लागली, मग कळ, मग दंड माझा राहिलाच नाही. हुसेनभाईंचं उगारलेलं दांडकंही हलायला लागलं होतं. मी डोळ्यांनी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की नाही, आता नाही. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, काय? मी पुन्हा सांगितलं. ते पुढं झुकले.

तेवढ्यात मला शिंक आली.

शिंक मी दाबली. आयुष्यात इतकी मोठी गोष्ट मी परत कधी दाबली नाही. डोळ्यांत पाणी आलं, कान बंद झाले, ती आत फिरून छातीत गेली. मी जिंकलो होतो. आणि मग शरीरानं, मला न विचारता, मोकळं होताना एक करायचं ते केलं.

सूंऽ.

टोपी अर्धं बोट वर गेली.

सगळे कर्णे गच्चीवरून पडले.

पुढचे काही क्षण मी तुकड्या-तुकड्यांनी सांगू शकतो. मंत्र्यांनी एक डोळा उघडला. निवेदकानं माईक छातीशी धरला, जणू आवाज तिथून येत होता. झाडावरचे कावळे उठले. आबासाहेबांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. तात्यासाहेबांच्या फोटोसमोर, सरणाची धग अजून निवली नसताना, अंबरगडचा बँड हत्तीची मिरवणूक काढत होता. मॅडमनी फाईल उघडली. मी सोळा माणसं पाण्याच्या नळ्या धरून उभी बघितली. हुसेनभाईंच्या हातात झारी होती.

मी काठीनं गोल काढून मूठ मिटली. थांबा, असा त्याचा अर्थ. मास्तरांच्या काळी असायचा. कोणी थांबलं नाही. पाच वर्षं बँड माझ्या ओठावरून क्लॅरिनेट निघालं की थांबत आला होता, आणि माझ्या ओठावर क्लॅरिनेट नव्हतंच, तर निघणार काय? आणि तो मार्च एकदा सुटला की चांगला चार मिनिटं चालायचा.

तेव्हा एक गोष्ट झाली. मागून हुसेनभाईंनी मंत्र्यांचा चेहरा बघितला, आबासाहेबांचा बघितला, आणि ते घाबरले. चाळीस वर्षं ढोल वाजवणारा माणूस घाबरला की तो नाकाकडं बघत नाही. तो वर बघतो. वर काठी होती.

पुढचा ठोका आला. मी काठी वर नेली आणि खाली आणलीच नाही.

हुसेनभाईंचा टोला हवेत थांबला. ढोल पडेना म्हणून कर्ण्यांना पुढं जाता येईना. ते त्या वरच्या सुरावर लटकले. एकेकाची नजर वर आली. हातात दोर धरून आडात उतरलेल्या माणसासारखी. कॉर्नेटवाल्याची मान फुगली. सोळा माणसांचा श्वास माझ्या मनगटाला बांधलेला आहे, हे मला जाणवलं, म्हणजे खरंच जाणवलं, वजनासारखं. भरलेली घागर वर येताना दोराला जाणवतं तसं.

मी काठी खाली सोडली. सावकाश.

धुम्‌.

पुन्हा वर. पुन्हा थांबलो. पुन्हा धुम्‌. मला थांबवता येत नव्हतं, पण आता घाईसुद्धा कोणाला करता येत नव्हती. ज्या सुरांवर हत्ती पावलं टाकायचा त्याच सुरांवर आता कोणीतरी खांद्यावरून चाललं होतं. तेच सूर, तोच कागद. कर्णे ओरडत होते ते रडायला लागले, आणि मी दर ठोक्याला त्यांना थोडं अजून थांबवत होतो. आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं. इतकंच कळत होतं, की काठी उचलली की हे लोक जगतात आणि मी खाली आणेपर्यंत त्यांना दुसरा इलाज नाही.

मागच्या रांगांतून एक बाई हुंदका देऊन म्हणाली, “गेले हो तात्या!”

आबासाहेबांचा लाल चेहरा एकदम मोडला. त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. मंत्र्यांनी उघडलेला डोळा मिटला आणि हात जोडले.

मार्चच्या मध्ये कर्णे गप्प होतात आणि क्लॅरिनेट एकटं गातं. तो तुकडा माझा. तिथं पोहोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझी खुर्ची रिकामी आहे. कर्णे कागदाप्रमाणं गप्प झाले. उरला फक्त ढोल, एकेक, लांब-लांब. मधली सगळी जागा रिकामी. मला त्या जागेतला एकेक सूर ऐकू येत होता. माझी डाव्या हाताची बोटं हवेत भोकं दाबत होती. लोकांना काही ऐकू येत नव्हतं, आणि लोक सर्वांत जास्त तिथंच रडले.

तुकडा संपला, कर्णे परत आले, कागद संपला. मी गोल काढून मूठ मिटली. सगळा बँड एकदम थांबला.

एक म्हातारे नगरसेवक केव्हाच खाली बसले होते, बाकी सगळं गाव उभं. कितीतरी वेळानं निवेदकानं छातीवरचा माईक तोंडापाशी नेला.

“दोन मिनिटं,” तो म्हणाला, “पूर्ण झाली.”

मंत्र्यांनी भाषण केलं नाही. त्यांचे गुडघे धरले होते. गाडीत बसताना मॅडमना एवढंच म्हणाले, “तुमच्या गावात श्रद्धांजली फार मनापासून देतात हो.” भाषण न झाल्यामुळं गावालाही कार्यक्रम आवडला.

मॅडमनी आम्हाला चबुतऱ्याच्या मागं, तोफेपाशी बोलावलं. मला आणि मास्तरांना. बाकीचा बँड पायरीवर बसून वाद्यांतली थुंकी झटकत होता, म्हणजे कान इकडं होते.

“स्तब्धतेत बँड वाजवायचा, तोही असा सावकाश,” त्या म्हणाल्या, “हे ठरलेलं होतं?”

मी तोंड उघडलं. होतं, म्हटलं असतं तर मामला तिथंच मिटत होता. हुसेनभाई पायरीवरून मान जोरजोरात वर-खाली हलवत होते: हो म्हण, हो म्हण.

“मी इंगवल्यांना विचारतेय,” मॅडम म्हणाल्या. “ते खोटं बोलत नाहीत असं सगळे सांगतात.”

मास्तरांनी हात मागं बांधले होते ते सोडले. उजवा हात थरथरत राहिला. त्यांनी तो लपवला नाही.

“ठरलेलं नव्हतं, मॅडम,” ते म्हणाले. “चूक झाली.”

पायरीवर कोणाची तरी झांज हातातून पडली.

“बँड चुकून सुटला. गेली पाच वर्षं माझ्या काठीवर एक माणूस वाजवत नाही. सगळे ह्या भगाच्या नाकावर वाजवतात. ह्यांना वाटतं, मला कळत नाही. मला हात नाही, पण कान आहेत. मी काठी पाडायच्या आधी हा सूंऽ करतो, रोज ऐकतोय. मी पण तेच ऐकून काठी पाडायचो.”

हुसेनभाईंची मान हलायची थांबली.

“आज ह्याला सर्दी,” मास्तर म्हणाले. “नाक ओढलं, बँड सुटला. थांबवता येईना, म्हणून ह्यानं हळू केला.”

“म्हणजे गोंधळच,” मॅडम म्हणाल्या.

“गोंधळच. मी असतो तर काठी टाकून मागच्या फाटकानं पळालो असतो.” मास्तर माझ्याकडं न बघता बोलत होते. “सुटलेला बँड हातात घ्यायला मला जमलं नसतं, हात धड होता तेव्हासुद्धा. आज सोळा माणसं काठीवर वाजली. मी मोजली. तुम्हाला बँड ऐकण्यासारखा वाजला का, ते तुम्ही ठरवा.”

मॅडम तोफेला टेकल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “माझे वडील मार्च महिन्यात गेले,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मी रजा घेतली नव्हती.” असं म्हणून त्यांनी फाईल तोफेवर ठेवली, सही केली, आणि पुन्हा मुख्याधिकारी होत म्हणाल्या, “आणि ऐवळे, डॉक्टरांना दाखवा. नाक नगरपरिषदेला परवडणारं नाही.”

महिनाअखेरी मी हुसेनभाईंच्या ढोलावर हात ठेवून शपथ घेतली. क्लॅरिनेट भांडारात जमा केलं. भांडारपालानं विचारलं, “वस्तूची स्थिती?” मी म्हणालो, “चांगली.” त्यानं कुलूप लावलं. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. त्यात काही विशेष नव्हतं.

विशेष झालं ते पुढच्या सोमवारी. तालीम सुरू करायला मी काठी उचलणार, तेवढ्यात दार वाजलं. इंगवले मास्तर आत आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत चपला, बगलेत काळी पेटी. ती पेटी मी ओळखली. पट्टा मीच बदललेला.

“मास्तर, मी कुठं बसू?” त्यांनी विचारलं.

कोणाला विचारतायत हे कळायला मला वेळ लागला. मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

“मास्तर,” मी म्हणालो, “तुम्ही…”

“मास्तर तुम्ही. काठी सुटली, शपथ सुटली; मी क्लॅरिनेट. जागा रिकामी आहे असं ऐकलं. मॅडमनी मानसेवी म्हणून लिहून दिलंय.” ते माझ्या खुर्चीत बसले. पेटी उघडली. “तुझ्या आधी हे माझ्याकडं होतं. तुला दिलं तेव्हा नवीन आहे म्हणून सांगितलं होतं, ते खोटं.”

सगळे हसले. त्यांनी तुकडे जोडले, पत्ती ओली केली, आणि आम्ही शनिवारचं वॉल्ट्‌झ घेतलं. क्लॅरिनेटचा तुकडा आला. मास्तरांनी फुंकर मारली आणि वाद्यातून बदकाच्या मानेवर पाय पडावा तसा आवाज आला. हुसेनभाईंनी ढोलाच्या मागं तोंड लपवलं. मी मूठ मिटली. बँड थांबला.

“पुन्हा घेऊ,” मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

“जी, मास्तर.”

पुन्हा बदक. पुन्हा मूठ. तिसऱ्यांदा, उजवा हात वाद्याला घट्ट टेकवल्यावर, सूर लागला. बारीक, घोगरा, काठाकाठानं चालणारा, पण लागला. तो तुकडा मी नऊ वर्षं वाजवला होता आणि आता मला फक्त काठी हलवायची होती. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. राजवाड्यातून पळून आलेल्या राजपुत्रासारखा दिसत होता तो म्हातारा. तुकडा संपल्यावर त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं आणि मनगटानं तोंड पुसलं.

“तीस वर्षं रोज मनात वाजवलं,” ते म्हणाले. “मनात बरं वाजायचं.” आणि मग, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, “सोपं नाही जाणार, भगा. पण संपतं.”

मग खुर्चीत सरळ होऊन मोठ्यानं म्हणाले, “चला मास्तर, शेवटापर्यंत घ्या.”

मी काठी उचलली. सतरा माणसं काठीकडं बघायला लागली. मला तेव्हा अठ्ठावीस वर्षं पूर्ण झाली होती. नगरपरिषदेत निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. मी वजाबाकी केली, आणि काठी खाली आणली.